पुण्याचा सूर्योदय, इंदूरचे लग्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराई जवळ आली की इंदुरातल्या मराठी घरांत एक वाद हमखास निघतो. मुलगी एकच, पण एका गुरुजींच्या पत्रिकेत लग्न (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) कन्या, दुसऱ्यांच्या पत्रिकेत तूळ. दोष बहुतेकदा वजाबाकीत असतो.

आपल्या भिंतीवरचे पंचांग पुण्या-मुंबईचे. त्यातला सूर्योदय धरून इष्टघटी, म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा इष्टकाल, काढल्या की घोळ झालाच. पुण्याहून इंदूर दोन अंश पूर्वेला, म्हणजे आठ मिनिटांचा फरक. पण अक्षांशही चार अंशांनी वेगळे. म्हणून २१ जूनला सूर्य इथे सुमारे सोळा मिनिटे आधी उगवतो, आणि डिसेंबरअखेर दोन्हीकडे जवळजवळ एकदमच. सरसकट आठ मिनिटे वजा करून भागत नाही. जूनमध्ये पुण्याचाच सूर्योदय धरला, तर इष्टकाल ४० पळांनी (पळ म्हणजे २४ सेकंद) कमी येतो, लग्न चारेक अंश मागे पडते. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तर ३ अंश २० कलांचाच (६० कलांचा एक अंश)!

दुसरा ठोकताळा 'दोन तासांना एक रास' उगवते हा. प्रत्यक्षात हा वेळ राशीगणिक आणि गावागणिक बदलतो. विषुवदिनी भर मध्यान्ही बारा अंगुळे शंकूची (उभ्या काठीची) सावली ती पलभा: पुण्यात चार अंगुळे, इंदुरात पाच. पाचाला १०, ८ आणि ३⅓ ने गुणले की चरखंडे, म्हणजे अक्षांशामुळे राशींच्या उदयात पडणारे फरक, पळांत ५०, ४०, १७. मेषेचे लंकोदय, म्हणजे विषुववृत्तावर ती रास उगवायला लागणारा वेळ, २७८ पळे. त्यातून ५० वजा, उरली २२८, म्हणजे एक तास एकतीस मिनिटे. कन्येला तीच ५० मिळवायची: ३२८ पळे, दोन तास अकरा मिनिटे. ही मापे सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, राशींची; पत्रिकेतल्या राशी ताऱ्यांवरून मोजतात आणि दोन्ही आरंभांतले अंतर ते अयनांश. शेवटी सुमारे २४ अंश अयनांश वजा करायचे राहिले, तर लग्न बहुधा पुढच्याच राशीत जाते.

उलट चूकही होते. प्रमाणवेळेतून साडेसव्वीस मिनिटे वजा केली की इंदूरची स्थानिक वेळ मिळते. नाक्षत्रकालावरून (ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेल्या वेळेवरून) लग्न काढायला तीच हवी. पण पंचांगातले पहाटे साडेपाचचे ग्रह प्रमाणवेळेचे असतात. चंद्रासाठीही ती मिनिटे वजा केली, तर तो साडेचौदा कला मागे राहतो. महादशा, म्हणजे एकेका ग्रहाच्या अमलाचा काळ, चंद्र नक्षत्रात कुठे आहे यावरून मोजतात. नक्षत्र ८०० कलांचे, शुक्राची महादशा २० वर्षांची. म्हणजे चंद्र शुक्राच्या नक्षत्रात असेल, तर कलेला नऊ दिवस. दशा चार महिन्यांहून जास्त सरकली.

मोबाइलवरचे सॉफ्टवेअर हे आकडे चुकत नाही, पण अयनांश चित्रापक्षाचा (चित्रा ताऱ्यावरून) की रैवतपक्षाचा (रेवतीच्या ताऱ्यावरून), हे कोण बघतो? तिथे चार अंशांचा फरक आहे. शिवाय जन्मवेळच पाच मिनिटांच्या अंदाजाने लिहिलेली असेल, तर लग्नाच्या विकला (कलेचे साठावे भाग) छापणे ही निव्वळ हौस. सातव्या मंगळाने संसार मोडतो का, हे तर कुठल्याच त्रैराशिकातून निघत नाही.

पत्रिका करणाऱ्यांनी निदान सूर्योदय कुठला, वेळ कोणती आणि अयनांश किती धरले, एवढे कोपऱ्यात लिहावे.

एक वाचक,
इंदूर