किल्ला बोटांनाही कळू द्या

संपादक महोदय,

दिवाळी तोंडावर आली की आसपासच्या सोसायट्यांतून किल्ला स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावणं येतं. पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ओढण्यात आयुष्य गेलं, एवढीच माझी पात्रता. गेल्या वर्षी कोथरूडमध्ये अकरा किल्ले पाहिले. कारंजी होती, दिव्यांच्या माळा होत्या, एका गडावर तर रोपवे. एकावर पाटी 'राजगड'. पण पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या कुठे आहेत विचारल्यावर मुलं एकमेकांकडे बघू लागली. अकराही पाट्यांची अदलाबदल केली असती तरी कुणाला कळलं नसतं.

म्हणून यंदा नातीबरोबर नकाशावरूनच सिंहगड केला. भारतीय सर्वेक्षण विभागाची 47 एफ/15 ही जुनी शीट माझ्याकडे आहे. प्रमाण 1:50,000, दर 20 मीटरला एक रेषा. गडाभोवतीचा भाग पाचपट मोठा करून आणला, की 20 मीटर म्हणजे बरोबर 2 मिलिमीटर. तेवढ्या जाडीचा पुठ्ठा सहज मिळतो. एक रेषा, एक थर. तळ समुद्रसपाटीपासून 700 मीटरवर धरला, वर 30 थर चढले. उंची भरली 6 सेंटिमीटर!

"आजोबा, एवढासाच?"

पायथ्याशी उभं राहून मान वर करून पाहिलेला डोंगर मनात वाढलेला असतो, त्याला काय करणार? शेवटी प्रत्येक थर दुहेरी लावला आणि पाटीवर 'उंची दुप्पट' असं स्पष्ट लिहिलं.

खरी गंमत सोंड (डोंगराची खाली उतरत गेलेली धार) आणि घळ (दोन सोंडांमधली खोलगट वाट) यांची. कागदावर दोन्हीकडे रेषा सारख्याच टोकदार वळतात. घळीत टोक चढाकडे, सोंडेवर उताराकडे. हे मी नातीला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा "कळलं" म्हणाली आणि चुकली. थर चिकटवून झाल्यावर सहज बोट फिरवत होती, ते खोबणीत उतरलं. "इथून पाणी येणार!" मग मला काही सांगावं लागलं नाही. पावसाळ्यात धुक्यात सोंड सोडून घळीत उतरलेली आणि खाली कड्यावर अडकलेली ट्रेकर मंडळी आठवतात. मोबाइलवर निळा ठिपका दिसतो, पुढचा कडा दिसत नाही.

पुठ्ठ्याच्या पायऱ्या माती लिंपून गुळगुळीत करू, असा तिचा आग्रह होता. मी करू दिलं नाही. सह्याद्री मुळात लाव्ह्याचे थर एकावर एक बसूनच झालेला; कातळकडा, मग जरा उतार, पुन्हा कडा. हिमालय करायचा असता तर लिंपलं असतं.

आयोजकांना विनंती एवढीच, की शंभरातले निदान तीस गुण गडाच्या आकाराला ठेवा आणि किल्ल्याशेजारी मूळ नकाशा लावायला सांगा. मावळ्यांना माझी हरकत नाही. फक्त आमच्या सिंहगडावर तीन इंची मावळा उभा केला, तर नकाशाच्या मापानं तो साडेसातशे मीटर उंच भरतो. नातीनं त्याला अंगणात, पणतीपाशी उभा केलाय.

एक निवृत्त आरेखक, कोथरूड, पुणे