अ‍ॅड्रिनॅलिनचा लगाम पेशीतच असतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवणीतला ताणतणावावरचा लेख वाचला. लिहिलाय छान, पण 'ताण आला की अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा नळ सुटतो आणि तो आपणच बंद करायचा असतो' हे विधान काही पटले नाही. जन्मभर शरीरक्रियाशास्त्र शिकवले, उमेदीची बरीच वर्षे याच ग्रंथीच्या पेशींसोबत प्रयोगशाळेत घालवली. म्हणून हा पत्रप्रपंच.

अ‍ॅड्रिनॅलिन तयार होते ग्रंथीच्या गाभ्यातल्या क्रोमाफिन पेशींत. (कॉर्टिसॉल हे ताणाचे दुसरे संप्रेरक, ते बाहेरच्या थरात. लेखात दोहोंची सरमिसळ झाली आहे.) मज्जातंतूकडून अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप्या रसायन आले की पेशीपटलावरचा विद्युतदाब बदलतो आणि कॅल्शियमचे मार्ग उघडतात. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे 10,000 पटींनी कमी, त्यामुळे ते भसकन आत शिरते आणि अ‍ॅड्रिनॅलिनने भरलेल्या पुटिका (इवल्या पिशव्या) पटलाशी एकरूप होऊन बाहेर रित्या होतात. इथवर लेखिकेचे बरोबर. पण तेच कॅल्शियम शेजारचे 'बीके' नावाचे पोटॅशियम चॅनेलही (पटलातला तसाच एक मार्ग) उघडायला लावते. पोटॅशियम बाहेर पडते, दाब पूर्वपदावर येतो, कॅल्शियमचे मार्ग मिटतात. सगळा कारभार काही मिलिसेकंदांचा! स्रवायला लावणारे कॅल्शियम आणि आवर घालणारेही तेच. त्यात आपल्याला कोणी विचारत नाही.

क्रोमाफिन पेशींतल्या या चॅनेलचे वर्णन 1981 मध्ये अ‍ॅलन मार्टी यांनी केले. त्यासाठी वापरलेल्या पॅच क्लॅम्प तंत्राबद्दल नेहर आणि साकमन यांना 1991 चे नोबेल मिळाले. काचेच्या नळीचे जेमतेम मायक्रॉनभर रुंद टोक पेशीला टेकवायचे, तोंडाने अलगद ओढ द्यायची. पटल घट्ट चिकटले की पडद्यावरची थरथरती रेषा शांत होते. मग अचानक ती एक पायरी वर जाते, क्षणभर तिथेच सपाट धावते आणि धाडकन खाली येते. ती पायरी म्हणजे एका रेणूचे उघडणे-मिटणे. बीकेची पायरी इतकी उंच की नवख्या विद्यार्थ्यालाही बोट ठेवून दाखवता येते. बाकीची चॅनेल शोधताना डोळे शिणायचे.

बीके म्हणजे नुसता अडसर, असेही समजू नका. उंदरांच्या बऱ्याच क्रोमाफिन पेशींत ते उघडल्यावर थोड्याच वेळात आपोआप निष्क्रिय होते, आणि अशाच पेशी उत्तेजन चालू असेपर्यंत पुन्हापुन्हा विद्युत स्पंद देऊ शकतात. म्हणजे लगामही प्रत्येक पेशीत सारखा नसतो.

हे चॅनेल बंद पाडायला आम्ही आयबेरिओटॉक्सिन वापरायचो. ते लाल विंचवाच्या विषातले. विंचू चावल्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचा जो लोंढा येतो, त्याचे खापर मात्र मुख्यतः त्याच विषातल्या सोडियम चॅनेल बिघडवणाऱ्या घटकांवर फोडावे लागेल.

दीर्घ श्वसनाचा सल्ला जरूर द्या. त्याने मज्जासंस्थेकडून ग्रंथीला येणारी उत्तेजना कमी होऊ शकते. पेशीतला आवर तुम्ही-आम्ही ठरवून घालत नाही, एवढेच म्हणणे. आणि पुढच्या वेळी चित्र छापाल तेव्हा ग्रंथीचा गाभा आणि बाहेरचा थर निदान वेगवेगळ्या रंगांत दाखवा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका