डॉ. जॉयस लाँगकोर यांना कृतज्ञतापूर्वक

आदरणीय डॉ. लाँगकोर,
सादर नमस्कार.

आपली माझी ओळख नाही; मी सह्याद्रीतील बेडकांचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आहे. बेडकाच्या कातडीवर फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावरून काइट्रिड बुरशीचा संसर्ग आज आम्हाला ओळखता येतो, यामागे अमेरिकेतील मेन विद्यापीठातील आपले काम आहे, म्हणून हे पत्र.

मुले मोठी झाल्यावर आपण संशोधनाकडे परतलात आणि पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरेट मिळवलीत. पाण्यातल्या परागकणांवर आणि कुजक्या पानांवर जगणाऱ्या काइट्रिड या सूक्ष्म बुरशींकडे तेव्हा फार थोडे लोक लक्ष देत होते. त्यांच्यामुळे पाठीचा कणा असलेला एखादा प्राणी मरू शकतो, असे तर कोणाला माहीतच नव्हते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे विषारी बेडूक मरू लागले, तेव्हा अॅलन पेसियर आणि डोनाल्ड निकोल्स या रोगनिदानतज्ज्ञांना आपल्या त्या दुर्लक्षित ज्ञानाचीच गरज पडली. मेलेल्या बेडकाच्या कातडीत जिवाणू इतके असतात की त्यांतून ही मंद वाढणारी बुरशी वेगळी काढणे अतिशय कठीण असते. कातडीचे बारीक तुकडे अगार या जेलीसारख्या माध्यमातून पुन्हा पुन्हा ओढून स्वच्छ करण्याची आणि मग प्रतिजैविके मिसळलेल्या माध्यमावर ठेवण्याची आपली पद्धत वाचताना मला त्यातल्या चिकाटीचे फार अप्रूप वाटले. १९९९ मध्ये आपण तिघांनी या बुरशीचे 'बत्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस' असे नामकरण केले.

शुद्ध कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वेगळी वाढवलेली बुरशी, हाती आल्यामुळेच पुढचे सारे शक्य झाले. ही बुरशी कातडीतल्या क्षारांची देवाणघेवाण बिघडवते आणि शेवटी बेडकाचे हृदय थांबते, हे २००९ मध्ये दाखवता आले. २०१९ च्या जागतिक आढाव्यानुसार या रोगामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या असून त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. हे नुकसान आपल्या शोधाने भरून आले नाही, पण मारेकऱ्याचे नाव कळल्यामुळे बंदिस्त बेडकांवर औषधोपचार तरी करता आले.

२०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाटातील बेडकांतही या बुरशीचा आशियाई वाण आढळल्याची नोंद झाली. आमच्याकडे सामूहिक मृत्यू दिसलेले नाहीत. तरीही एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना आम्ही बूट आणि जाळी निर्जंतुक करतो. ही खबरदारी घेण्याइतके ज्ञान आमच्यापर्यंत पोहोचवल्याबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार मानते.

आपली कृतज्ञ,
सह्याद्रीतील एक बेडूक-अभ्यासक