सोसायटीच्या हॉलचे रात्रीचे भाडे: सहकार मंत्र्यांना खुले पत्र

मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार,

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या गृहसंकुलात मी राहते. काही वर्षे आमच्या सोसायटीची खजिनदार होते, त्यामुळे मेंटेनन्सच्या बिलातली कोणती रक्कम कशातून येते हे मला नीट ठाऊक आहे. त्या बिलात आता एका नव्या आकाराची भर पडली आहे. हॉल, अभ्यासिका किंवा गच्ची रात्री नऊनंतर वापरायची असेल तर सभासदाने तासाला 500 रुपये भरायचे, असा ठराव आमच्याकडे झाला. ओळखीच्या इतर संकुलांतही असे दर लागले आहेत, कुठे थोडे कमी, कुठे जास्त.

आधी खर्चाचे बोलते. आमच्या हॉलमध्ये आठ एलईडी ट्यूब आहेत आणि सहा पंखे. सगळे एकदम चालू ठेवले तरी तासाला सहा-सात दशांश युनिटच्या वर वीज जळत नाही. युनिटला 15 रुपये धरले तरी तासाचे दहा रुपये होतात. रात्रपाळीचा वॉचमन हॉल बंद असला तरी गेटवर असतोच आणि त्याचा पगार आम्ही सगळे सर्व्हिस चार्जेसमधून समान वाटून देतोच. सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईंना जास्तीचे शे-दीडशे दिले तर ते योग्यच आहे, पण ते एकदाच, तासागणिक नव्हे. मग 500 कशाचे? कमिटीला विचारले तर उत्तर मिळते, ‘सिंकिंग फंडाला तेवढीच मदत’. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या या फंडाची वर्गणी तर प्रत्येक सभासद वेगळी भरतोच.

आता हे पैसे कोणाच्या खिशातून जातात ते पाहा. आमच्या एका शेजाऱ्यांचे वडील संध्याकाळी गेले. गावाकडची माणसे पोचायला रात्र झाली. दोन खोल्यांच्या घरात एवढी माणसे मावणार कुठे? हॉल उघडला, सतरंज्या घातल्या, सगळे सकाळपर्यंत तिथेच टेकले. पुढच्या महिन्याच्या बिलात ओळ आली: ‘हॉल वापर, रात्री 9 ते सकाळी 6, रु. 4,500’. त्या घरातल्या कोणी तक्रार केली नाही, मुकाट्याने पैसे भरले. मला मात्र ते बिल आजही स्वस्थ बसू देत नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आमच्या विंगमध्ये आहे. घरात आजी-आजोबा, धाकटा भाऊ आणि टीव्ही. पैसे भरले नाहीत तर अभ्यासिकेला नऊला कुलूप लागते, म्हणून ती जिन्याच्या वळणावर, दिव्याखाली पाट टाकून बसते. ज्या अभ्यासिकेपायी बिल्डरने फ्लॅटच्या किमतीबरोबर वेगळे पैसे घेतले, तिच्यापासून ती दोन मजले वर बसलेली असते.

साहेब, नऊची ही वेळ मुळात कोणाच्या सोयीची आहे? मुंबईत नोकरी करणारा माणूस लोकल आणि रिक्षा करून घरी येतो तेव्हाच साडेआठ वाजलेले असतात. बायकांचे भजनी मंडळ स्वयंपाक-जेवणे आटोपल्याशिवाय जमत नाही. कष्टकऱ्यांना जो वेळ मिळतो, नेमका त्यालाच ‘वेळेबाहेर’ ठरवून त्याचे पैसे लावले आहेत.

दुसरी बाजूही मला मान्य आहे. खजिनदार असताना साखरपुड्याच्या केटररने तुंबवलेले बेसिन मी साफ करून घेतले आहे, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजारी माणसांच्या तक्रारीही ऐकल्या आहेत. खासगी समारंभाला भाडे घ्यावे, परत मिळणारे डिपॉझिटही घ्यावे. पण आवाजासाठी कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. पैसे भरले म्हणून गोंगाटाची परवानगी मिळत नाही, आणि पैसे भरले नाहीत म्हणून मुकाट्याने वाचत बसलेल्या मुलीला बाहेर काढायचे कारणही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, ठराव सर्वसाधारण सभेचा आहे, सभासदांनीच बदलावा. सभेत काय होते ते सांगते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गणपूर्तीला एकूण सभासदांचे दोन तृतीयांश किंवा 20, यांत जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा घेता येते आणि मग गणपूर्तीची अटच राहत नाही. शेकडो फ्लॅटच्या संकुलात मूठभर माणसे हात वर करतात आणि दर सगळ्यांना लागू होतो. भाडेकरूंना तर मतच नाही. एकदा रक्कम बिलात चढली की ती थकबाकी ठरते, आणि 2014 च्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत व्याज आकारायची मुभा दिली आहे. कोण भांडत बसणार?

सरकारने यापूर्वी अशाच प्रश्नात हात घातला आहे, म्हणून ही आशा आहे. घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून सोसायट्या मनाला येईल ती रक्कम वसूल करत होत्या. 1 ऑगस्ट 2001 रोजी शासनाने सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली आदेश काढला आणि ही रक्कम, म्हणजे बिनभोगवटा शुल्क, सेवाशुल्काच्या (सर्व्हिस चार्जेसच्या) 10 टक्क्यांवर बांधून दिले. त्याच महिन्यात हस्तांतरणाच्या अधिमूल्यालाही, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटी घेते त्या रकमेलाही, 25,000 रुपयांची कमाल मर्यादा घातली. या मर्यादांमुळे सोसायट्या बुडाल्या नाहीत, उलट रोजची भांडणे कमी झाली. पुढे 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात प्रकरण 13-ब हे स्वतंत्र प्रकरण आले. तरी सामायिक जागेच्या वेळेबाहेरच्या वापराला किती पैसे लावावेत यावर आजही वरचा बांध नाही.

माझी मागणी मोठी नाही. त्याच कलम 79-अ खाली एक आदेश काढा. सभासद आणि भाडेकरू यांच्याकडून प्रत्यक्ष वीज आणि साफसफाई यांपेक्षा जास्त घेता येणार नाही, आणि तो हिशेब नोटीस बोर्डावर लावावा लागेल, असे त्यात असू द्या. अभ्यास, घरातला मृत्यू आणि आजारपण यांसाठी एक पैसाही घेऊ नये. असा दर ठरवायला वीस माणसांची सभा पुरू नये. निम्म्या सभासदांची लेखी संमती तरी हवी. आणि हा आकार मेंटेनन्सच्या बिलात मिसळून त्यावर व्याज चढवायला स्पष्ट मनाई असावी.

दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत सोसायट्यांना वार्षिक सभा घ्यावीच लागते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी निघते. ऑगस्टअखेर आपला आदेश उपनिबंधक कार्यालयांत पोचला, तर हे ठराव याच सभांमध्ये पुन्हा मांडता येतील. आमच्याकडचा मी स्वतः मांडेन.

आपली,
एक सभासद, ठाणे