कार्डावरच्या चार ओळी

वेंगुर्ले

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की ऑफिसातल्या वाढदिवसांचं काम आता तुझ्याकडे आलंय. महिन्याच्या सुरुवातीला यादी येते, त्या त्या दिवशी ग्रुपवर शुभेच्छा टाकायच्या, कार्डावर चार ओळी लिहायच्या, बाकीचे खाली सह्या करतात. सगळ्यांना तेच तेच लिहायचा कंटाळा येतो म्हणून नेटवरून उचलतेस आणि नाव बदलतेस, असंही म्हणालीस. तेव्हा तुझी मीटिंग सुरू व्हायची होती, बोलणं राहिलं. म्हणून हे पत्र. हे काम तू किरकोळ समजू नयेस असं मला फार वाटतं.

माझी नोकरी लोकांचे निरोप पोचवण्यात गेली, तुला ठाऊकच आहे. तारेला शब्दांवर पैसे, त्यामुळे माणसं वाक्यं मोडून मोडून लिहायची. शुभेच्छांच्या तारांसाठी तर खात्यानेच ठरावीक वाक्यं तयार ठेवली होती आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक होता. दिवाळी, नवं वर्ष, लग्न, वाढदिवस. फॉर्मवर नुसता क्रमांक लिहायचा, पलीकडच्या ऑफिसात त्या क्रमांकाचं वाक्य कागदावर उतरायचं. कागदही रंगीत, चित्राचा. तार आली म्हटल्यावर घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा, पण तो कागद लांबून दिसला की जीव भांड्यात पडायचा. त्या व्यवस्थेने पुष्कळांना आनंद दिला. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली. मात्र एक गोष्ट मी नेहमी पाहिली. क्रमांकाची तार लोक भरभर वाचायचे, कोणाकडून आली तेवढं नाव बघायचे आणि ठेवून द्यायचे.

मनीऑर्डरीचं तसं नव्हतं. फॉर्मच्या एका टोकाला निरोपापुरती थोडी जागा असायची आणि तेवढा तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. गिरणगावातून आपल्याकडे दर महिन्याला पैसे यायचे. १९८२ च्या संपापर्यंत तर कोकणातल्या कितीतरी चुली त्यांच्यावरच पेटायच्या. त्या एवढ्याशा जागेत मुंबईचा चाकरमानी लिहायचा, 'आवशीचो खोकलो बरो झालो काय? पावसाच्या आधी कौलां परतून घेवा.' वाचता येत नसेल तर पोस्टमन वाचून दाखवायचा. घरच्या बायका तो तुकडा पुन्हा एकदा वाचायला लावायच्या आणि ट्रंकेत ठेवायच्या. त्यात 'हार्दिक' असं काहीच नसायचं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपलं घर होतं, आपलं माणूस होतं, एवढं मात्र वाचणाऱ्याला कळायचं.

तुझ्या कार्डावर हेच यावं. ज्याचा वाढदिवस आहे त्याने केलेली, तू स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिही. एकच पुरे. तूच मागे सांगितलं होतंस, अकाउंट्समधल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात शेजारी बसून तुझा पीएफचा फॉर्म भरून घेतला. मग लिही, 'मी नवीन होते तेव्हा तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून माझा फॉर्म भरून घेतलात. ते माझ्या लक्षात आहे. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा.' झालं. त्यापुढे फुलं, चंद्र, तारे, यशाची शिखरं काही नको. तुमच्यातला तो मुलगा रात्री सर्व्हर बंद पडला की कटकट न करता उठतो म्हणतेस, त्याला तेच लिही. तो उठतो तेव्हा बाकीचे झोपलेले असतात. ते कोणाच्या तरी ध्यानात आहे हे त्याला वर्षातून एकदा कळू दे.

एखाद्याबद्दल असं काही माहीत नसेल तर जुळवून लिहू नकोस. 'तुझ्यासारखा मित्र भाग्याने मिळतो' हे ज्याच्याशी फक्त लिफ्टमध्ये बोलणं होतं त्याला लिहिलं तर त्यालाही अवघडल्यासारखं होतं. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, येतं वर्ष सुखाचं जावो' हे साधं वाक्य स्वच्छ असतं. पण ग्रुपवरचं 'वादिहाशु' तू लिहू नयेस. पूर्ण शब्द टाइप करायला कितीसा वेळ लागतो.

आता मोठ्यांचं. 'औक्षवंत हो', 'यशस्वी हो', 'सुखी राहा' हे मोठ्यांनी धाकट्यांना म्हणायचं. तू पंचविशीतली, तुझे साहेब पन्नाशीचे, त्यांना तू आशीर्वाद कसा देणार? त्यांना 'आपल्याला उत्तम आरोग्य लाभो' असं लिही, आणि त्यांच्याकडून काय शिकलीस ते एका ओळीत. तेही खरं असेल तरच. साहेब आहेत म्हणून जास्त गोड लिहिलंस तर खाली सही करणाऱ्यांना ते आधी दिसतं. बरोबरीच्यांना 'तू' म्हणत असशील तर कार्डावरही 'तू'च ठेव, तिथे एकदम 'आपण' आलं की परकं वाटतं.

वय लिहू नकोस. कोणी आपणहून पन्नाशी किंवा साठी साजरी करत असेल तर गोष्ट वेगळी. 'आता पुढच्या वर्षी दोनाचे चार', 'लवकर गोड बातमी द्या', 'यंदा प्रमोशन नक्की', 'पार्टी कधी?' यातलं काहीही लिहू नकोस. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ज्याला मूल होत नाही किंवा ज्याचं प्रमोशन मागच्या महिन्यात हुकलं त्याला ते कार्ड सगळ्यांसमोर हसून वाचावं लागतं. काउंटरवर उभ्या माणसाचा चेहरा निरोप वाचताना कसा बदलतो ते मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलंय, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

आणखी एक, याद्या करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. यादीत ज्यांची जन्मतारीख १ जून असेल त्यांना आधी हळूच विचार. आमच्या पिढीत आणि त्यानंतरही बरीच वर्षं आईबापांना तारीख सांगता यायची नाही. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून तर महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत दर ३१ मेला निरोप समारंभांची रांग लागते. आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ट्रॉलर वर काढलेले असतात, आणि बंदरावरच्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा कागदावरचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. त्यांना विचारलंस तर सांगतील, 'नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी झालो', किंवा 'त्या वर्षी गणपती गेले आणि मी आलो'. तुझ्या ऑफिसातही असा एखादा ड्रायव्हर किंवा जुना शिपाई असणार. १ जूनला सगळ्यांबरोबर त्याला कार्ड दे, कारण यादीत नाव असून कार्ड नाही मिळालं तर वाईट वाटतं. पण त्याचा घरचा दिवस कोणता ते वहीत लिहून ठेव. तिथी असेल तर कॅलेंडरात बघ, दर वर्षी तारीख वेगळी येईल. त्या दिवशी त्याच्या टेबलापाशी जाऊन तोंडी शुभेच्छा दे. त्यासाठी कार्ड लागत नाही.

कोणाच्या घरी वर्षभरात माणूस गेलं असेल तर केक मागवायच्या आधी त्यांना एकट्यात विचार. काही घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत काहीच साजरं करत नाहीत, काहींना उलट तेवढाच विसावा हवा असतो. आपण ठरवू नये. अशा वेळी ग्रुपवर काही न टाकता त्यांना एकट्यांना दोन ओळी पाठवणं बरं. त्यात 'आनंदाचा दिवस' वगैरे न लिहिता 'आज तुमची आठवण आली, काही लागलं तर सांगा' एवढंच लिही. केकचं म्हणशील तर अंडं न खाणारे, संकष्टी धरणारे, श्रावण पाळणारे कोण ते एकदा विचारून टिपून ठेव, म्हणजे ज्याचा वाढदिवस त्याच्यावरच बघत बसायची पाळी येणार नाही.

एखादा दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी लिही. 'कालच लिहायला हवं होतं, राहून गेलं. शुभेच्छा मनापासून आहेत.' कारणं देत बसू नकोस. उशिरा आलेलं पत्र कोणी परत केलेलं मी पाहिलं नाही.

तुझ्या यादीत कोण कोण नाही ते मात्र मला अजून विचारायचंय. दारावरचे सिक्युरिटीवाले, सफाईला येणाऱ्या मावशी, चहा आणणारा मुलगा हे कंत्राटातले असणार, म्हणजे कंपनीच्या यादीत त्यांची नावं येत नाहीत. तुम्ही सकाळी येता तेव्हा लाद्या पुसून झालेल्या असतात. त्या मावशींना तारीख विचार, माहीत नसेल तर त्या सांगतील तो दिवस धर. कार्ड मराठीत लिही, मोठ्या अक्षरात लिही, आणि त्यांना वाचता येत नसेल तर सगळ्यांच्या सह्या झाल्यावर तू स्वतः वाचून दाखव. सह्यांची नावंसुद्धा वाच, प्रत्येकाचं. वरचे साहेब सही करायला विसरले असतील तर त्यांच्याकडे कार्ड घेऊन जायला भिऊ नकोस.

पुढच्या महिन्याची यादी आली की रविवारी फोन कर. आई आणि मी दोघंही बसतो, आईला माणसांच्या गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या लक्षात राहतात. ज्यांच्याबद्दल तुला काहीच सुचत नाही त्यांची नावं आधी सांग. ती माणसं दिवसभर काय करतात ते तू सांगत जा, ओळ त्यातूनच काढू.

तुझे,
बाबा