हॉटेल कंपनीचं देणं: आधी भटारखान्याचं घड्याळ बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉटेलातलं उरलेलं अन्न हाती लागतं रात्री साडेअकरानंतर. भूक लागते संध्याकाळी सात-साडेसातला. ठाणे-नवी मुंबईतल्या हॉटेल कंपन्यांचे अन्नदानाचे बेत बहुतेक या चार तासांच्या फटीत अडकून मोडतात. आपल्या शहराच्या पानावर त्यांचे फोटो येतात. बॅनर असतो, पाहुणे असतात, हातात पुलावाची पाकिटं असतात. तो पुलाव किती वाजता शिजला, हे मात्र बातमीत नसतं. भटारखान्यात उभं राहिलेल्या कुणालाही पहिला प्रश्न हाच पडतो.

शिजलेलं अन्न एकतर ६० अंश सेल्सिअसच्या वर हवं, नाहीतर ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. त्यातही भाताचं दुखणं वेगळं. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू तांदूळ उकळला तरी टिकतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, आणि त्यांचं एक विष असं असतं की अन्न पुन्हा उकळूनही ते जात नाही. त्यामुळे रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी दिली की झालं, हा घरचा हिशेब हॉटेलच्या टोपाला लागू पडत नाही. घरी दोन वाट्या भात पाऊण तासात गार होतो. वीस किलोच्या टोपाचा गाभा कित्येक तास कोमट राहतो. असा टोप थेट फ्रीजमध्ये ढकलला तर तो स्वतः गार होत नाहीच, शेजारच्या दुधा-पनीरलाही तापवतो.

अन्न खरंच टिकवायचं असेल तर ते उथळ ट्रेमध्ये दोन इंचांच्या थरात पसरावं. ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत ते उतरलं पाहिजे. गाभ्यात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. वेळ चुकली तर ते अन्न ओल्या कचऱ्यात जावं. वाटण्याच्या यादीत नको, आणि उद्याच्या स्टाफच्या जेवणात तर मुळीच नको.

अमेरिकेत डार्डन ही मोठी हॉटेल कंपनी २००३ पासून वापरात न आलेलं चांगलं अन्न गोठवून ठेवते आणि स्थानिक संस्था ते घेऊन जातात. तिथे हे जमतं, कारण शाखेत गोठवायला जागा असते. आपल्याकडे नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या सेक्टरमधल्या हॉटेलात मोरीलाच जागा पुरत नाही, तिथे फ्रीझर कुठे ठेवणार? म्हणून नुसत्या उरल्यासुरल्यावर अवलंबून राहणं आपल्या शहरांत चालणारं नाही. भटारखान्यात वाया जाणारी आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे पाहावं. दुपारी साडेतीन ते सहा शेगड्या मंद असतात, पोळीचा तवा रिकामा असतो, अर्धा स्टाफ आडवा झालेला असतो. देण्याजोगी खरी शिल्लक ही आहे. या वेळात ठरवून शिजवलेलं जेवण संध्याकाळी सातला गरम पोचतं.

किती शिजवायचं याला सरकारी माप तयार आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असं प्रमाण ठरलं होतं. पन्नास थाळ्या धरल्या तर १०० चपात्यांना सव्वादोन किलो कणीक, साडेसात किलो भाताला सुमारे ३ किलो तांदूळ, ५ किलो वरणाला एक ते सव्वा किलो तूरडाळ आणि भाजीला साली-देठं धरून साडेसहा किलो माल लागतो. कष्टकऱ्याला हे कमी पडतं, म्हणून चपात्या चार कराव्यात. कणीक साडेचार किलोवर जाईल. एका आचाऱ्याचं आणि एका पोळीवाल्याचं हे दीड तासाचं काम. मंगळवार-शुक्रवार असे दोन वार धरले तरी वर्षाला पाच हजारांवर थाळ्या होतात. वर्धापनदिनाच्या एका दिवसात पाचशे पाकिटं वाटण्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे आणि घेणाऱ्याला आज जेवण येणार की नाही हे आधी माहीत असतं.

ठिकाण शाखेपासून तीन किलोमीटरच्या आत असावं. मानपाड्याच्या शाखेनं कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचं नाव ठरवलं तर संध्याकाळी घोडबंदर रोडवर डबे कधी पोचतील ते सांगणं कठीण. खारघरच्या शाखेला टाटा स्मारकचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र जवळ आहे, वाशीच्या शाखेला महापालिकेचं रुग्णालय. रुग्णालयाबाहेर जेवण द्यायचं ते नातेवाइकांसाठी. रुग्णाचं पथ्य डॉक्टर ठरवतात, त्यात आपला डबा शिरू नये. रुग्णालयाला आधी लेखी कळवावं, नाहीतर पहिल्याच दिवशी सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालण्यात वरण गार होतं. डबे स्टीलचे, झाकण घट्ट बसणारे, बाहेरून उष्णता धरणाऱ्या पेटीत ठेवलेले असावेत. भरताना आणि उतरवताना तापमान वहीत लिहावं. उतरवताना ६० च्या खाली आलं असेल तर दुसऱ्या दिवसापासून पेटी बदलावी किंवा ठिकाण.

उरलेलं अन्न द्यायचंच असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची २०१९ ची नियमावली आहे. शिल्लक अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाही तिच्यानुसार नोंदणी लागते. संस्थेचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. डब्यावर पदार्थाचं नाव, शाकाहारी की मांसाहारी, शिजवल्याची तारीख आणि वेळ, कधीपर्यंत खायचं, कुठून आलं आणि विक्रीसाठी नाही, एवढं लिहावं. बुफेच्या काउंटरवर मांडून झालेलं काही देऊ नये. तिथे शंभर हात आणि शंभर चमचे लागलेले असतात. भटारखान्यातून बाहेर न आलेलंच द्यावं. ओल्या नारळाची चटणी, कापलेली कोशिंबीर, मेयोनीज, दह्याचे पदार्थ, मासे हे पावसाळ्यात तर यादीतच नकोत. प्रत्येक पदार्थाचा पाव किलो नमुना बंद डब्यात ४८ तास फ्रीजमध्ये ठेवावा. कुणाला बाधलं तर दोष डाळीचा की पाण्याचा, हे त्यावरून शोधता येतं.

अन्नदानाइतकंच, माझ्या मते त्याहून मोठं देणं तळणीच्या तेलाचं आहे आणि त्याचा फोटो काढायला कुणी येत नाही. तेल पुन्हापुन्हा तापलं की ते मोडून तयार होणारे ध्रुवीय घटक (पोलर कंपाउंड्स) वाढतात. ते २५ टक्क्यांवर गेले की तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचं. त्याचं बायोडिझेल होतं. चूक कुठे होते? एक, तेल काळं दिसेपर्यंत थांबतात. रंगावरून काही कळत नाही. मिरचीच्या भज्यांनी तेल एका दिवसात काळवंडतं, मैद्याच्या पुऱ्यांच्या तळणीत बिघडलेलं तेलही उजळ दिसतं. मोजायचं यंत्र महाग वाटतं, पण चार-पाच शाखांत एक पुरतं. दोन, जुन्यात नवं ओतत राहतात. त्यानं नवं तेलही लवकर बिघडतं. तीन, आणि हे सगळ्यांत वाईट, डबा मागच्या दारानं रोखीत जातो. कंपनीचं लेबल असलेल्या काउंटरवर चालणार नाही असं तेल त्याच रस्त्यावरच्या गाडीच्या कढईत उकळतं आणि त्यातला वडापाव हमाल, रिक्षावाले, शाळेतली पोरं खातात. एका हातानं थाळ्या वाटणाऱ्या कंपनीनं दुसऱ्या हातानं हे तेल विकलं तर हिशेब कसा मांडायचा?

ओला कचरा हीही शेजाऱ्यांशी संबंधित बाब. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या निसर्गऋण पद्धतीच्या बायोगॅस प्रकल्पात हॉटेलचा कचरा चांगला चालतो. फक्त करवंट्या, मोठी हाडं, अंड्याची टरफलं आणि सॉसच्या पुड्या वेगळ्या हव्यात. एक पुडी मिक्सरच्या पात्यात अडकली की अख्खी गाडी परत येते. मोरीखालचा चरबी अडवणारा सापळा आठवड्याला उपसला नाही तर ती चरबी गल्लीतल्या गटारात थिजते आणि जुलैत पाणी आधी शेजाऱ्याच्या दुकानात शिरतं.

आता पैशांबद्दल. ‘आजच्या विक्रीचे १० टक्के अमुक कामाला’ अशा पाट्या लागतात. समजा, त्या दिवशी ६० कुटुंबं आली, सरासरी बिल १२०० रुपये. विक्री ७२ हजार, देणगी ७२०० रुपये. त्यांतली ४० कुटुंबं एरवीही आली असती, तर वाढीव विक्री २४ हजारांची. या सौद्यात गैर काही नाही, पण टक्केवारी कशावर, जीएसटी धरून की वगळून, ॲपवरच्या पार्सलवर आहे की नाही, आणि पावती कुठे लावणार, हे पाटीवरच लिहावं. बिलात परस्पर पाच-दहा रुपये देणगी म्हणून वाढवू नये. सेवाशुल्क आपोआप लावू नये असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आहे. देणगीला वेगळा न्याय कशाला? शिवाय ते पैसे गिऱ्हाइकाचे असतात. कंपनीनं ते आपल्या खात्यावर मिरवू नयेत.

कंपनी कायद्याचं सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं (सीएसआर) कलम १३५ लागू व्हायला ५ कोटी निव्वळ नफा, १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता यांपैकी एक पुरे. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा. सरासरी ६ कोटी असेल तर १२ लाख; आठ शाखा असतील तर शाखेमागे वर्षाला दीड लाख. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच म्हणतो. तरी पैसा मुख्यालयातून एका मोठ्या नावाच्या संस्थेला एका चेकनं जातो, कारण कागद एकच करावा लागतो. आणखी एक पळवाट: मेन्यूतल्या किमतीनं बिर्याणी मोजून ती या खर्चात दाखवणं. वस्तुरूपानं दिलेलं पैशांत मांडून दाखवता येत नाही, असा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये केलेला आहे. फक्त आपल्याच कामगारांसाठीचा खर्चही त्यात धरता येत नाही.

छोट्या कंपन्यांना हा कायदा लागत नाही, पण खरेदी सगळ्यांनाच करावी लागते. चपात्या, पापड, गोडा मसाला वॉर्डातल्या बचत गटाकडून घेता येतात. दीडशे चपात्या रोज म्हणजे गटातल्या बायकांना रोजचं पक्कं काम. हे मोडतं ते उधारीवर. लघुउद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे आणि कंपन्यांचे हिशेबनीस तीच रीत धरतात; गटाला मात्र आठवड्याला पिठाचे पैसे द्यायचे असतात. सात दिवसांत पैसे आणि वजनावर ठरलेला भाव, एवढं झालं तर गट टिकतो. रानभाजी महोत्सवाचंही तेच. येऊरच्या पाड्यांवरून शेवळं, कर्टुली, टाकळा आणणारीला सकाळीच रोख द्यावी. शेवळांबरोबर काकडं ही आंबट फळं मागायला विसरू नये, नाहीतर भाजीनं पाहुण्यांचे घसे खाजतील आणि दोष आणणारीला लागेल.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. तीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. घेतलेल्या पोराला वर्षभर कांदे सोलायला बसवलं तर तो तिसऱ्या महिन्यात पार्सलच्या दुचाकीवर दिसतो. दर दोन महिन्यांनी मोरी, चिराई (भाज्या चिरणं), तवा, ग्रेव्ही, काउंटर अशी जागा बदलावी. पार्सल न्यायला आलेल्या पोरांना पिण्याचं पाणी आणि संडास वापरू द्यावा; याला खर्च जवळजवळ नाही आणि तरी बऱ्याच ठिकाणी दारावर ‘फक्त गिऱ्हाइकांसाठी’ लिहिलेलं असतं.

आपल्याला विनंती अशी की, यापुढे अन्नदानाची बातमी आली की वार्ताहरानं कंपनीला चार आकडे विचारावेत: आठवड्याला किती थाळ्या, शिजवल्यापासून किती वेळात पोचल्या, गेल्या महिन्यात तळणीचं किती लिटर तेल संकलकाकडे गेलं आणि बचत गटाचं बिल किती दिवसांत चुकतं झालं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांनी कुठे, किती वाजता, किती थाळ्या लागतात याची यादी दाराबाहेर फलकावर लावली तर आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं पत्ता शोधण्याचं काम वाचेल. यादीत वेळेचा रकाना पहिला ठेवावा.

आपला,
हॉटेल व्यवसायातला एक वाचक, ठाणे