जुनं घर स्वस्त आहे हे कळलं, पण का स्वस्त आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या शहरांमधल्या पुन्हा वर येणाऱ्या जुन्या वस्त्या आणि तिथली परवडणारी जुनी घरं यावर लेख आला होता. मी आयुष्यभर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं केली, त्यामुळे ओळखीच्या दोघातिघांनी त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली एकच प्रश्न, काय करू, घेऊ का? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

लेख वाईट नाहीये. पण त्यात मुळातला प्रश्नच विचारलेला नाही, की बाबा हे घर स्वस्त का आहे? कारण माझ्या अनुभवाने जुनं घर दोनच कारणांनी स्वस्त मिळतं. एक म्हणजे वस्तीचं नाव खराब असतं, लोक नाकं मुरडतात, रात्री रिक्षावाला यायला तयार नसतो वगैरे, पण घर आतून ठणठणीत असतं. दुसरं म्हणजे घरच आजारी असतं. आता वस्ती सुधारली की पहिल्या कारणाने पडलेला भाव आपोआप वर येतो, तुम्ही काही न करता. पण भिंतीतली ओल काही समोर छान बाग झाली म्हणून सुकत नाही. म्हणजे घ्यायचं असेल तर बदनाम वस्तीतलं धडधाकट घर घ्यावं. एजंट लोक मात्र नेमकं उलटं गळ्यात मारतात, ज्या वस्तीचा आधीच बोलबाला झालाय तिथलं आजारी घर, आणि वर सांगतात की साहेब या एरियात यापेक्षा स्वस्त मिळणारच नाही. अहो नाहीच मिळणार, कारण बाकीची चांगली आधीच गेली.

बर्लिनमधल्या प्रेन्झलाउअर बर्ग या वस्तीचं उदाहरण घ्या. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा तिथल्या कितीतरी जुन्या इमारतींत घर गरम करायला कोळशाची शेगडी आणि जिन्यात सामाईक संडास होते. पण भिंती जाड, छत उंच, खिडक्या मोठ्या, सांगाडा मजबूत. ज्यांनी तेव्हा ओळखलं त्यांचं भलं झालं, आज तो भाग शहरातल्या महागड्या भागांत मोजतात. तिथे नुसतीच वस्ती सुधारली नाही, घरांत दम होता म्हणून त्यांच्यावर पैसा लावणं परवडलं.

लेखात एका डॉलरच्या घरांचा उल्लेख आलाय आणि तो वाचून लोकांच्या तोंडाला पाणी सुटलंय, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने १९७३ पासून ओसाड पडलेली घरं खरंच एका डॉलरला दिली. पण अट काय होती, तर ठरलेल्या मुदतीत घर नियमात बसेल असं दुरुस्त करायचं आणि स्वतः तिथे राहायला यायचं. आणि शहराने नुसती किल्ली हातात देऊन हात झटकले नाहीत, दुरुस्तीसाठी कमी व्याजाची कर्जंही दिली. लिव्हरपूलमध्ये २०१३ ला एका पौंडाची घरं निघाली तिथेही हाच प्रकार, दुरुस्ती स्वखर्चाने करा आणि पुढची पाच वर्षं विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. अमेरिकेतल्याच डेट्रॉइटमध्ये लँड बँकेच्या, म्हणजे ओसाड घरं ताब्यात घेऊन विकणाऱ्या सरकारी संस्थेच्या लिलावात बोली हजार डॉलरपासून सुरू होते, पण घर राहण्याजोगं करायला मुदत असते आणि ती पाळली नाही तर घर हातचं जाऊ शकतं. म्हणजे एक डॉलर काय आणि हजार डॉलर काय, ती किंमतच नाही, ती नुसती सही आहे. खरी किंमत गवंडी, सुतार, प्लंबर आणि वायरमन मिळून वसूल करतात आणि ते एका डॉलरला येत नाहीत.

(जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, इटलीतली खेडी एक युरोला घरं देतात, तेही लोक मला पाठवतात. पण तो विषय वेगळा. तिथली बरीच घरं माणसंच उरली नाहीत म्हणून स्वस्त आहेत. आपण बोलतोय ते माणसं परत यायला लागलेल्या वस्त्यांबद्दल.)

आता घर आजारी आहे की धडधाकट हे ओळखायचं कसं, इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण लेखात यावर एक ओळ होती की 'तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी'. घ्यावीच, पण तज्ज्ञ बोलवायच्या आधी स्वतः बघता येतं. घर बघायला पावसात जा, लख्ख उन्हात सगळीच घरं चांगली दिसतात. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्याच भिंतीपाशी जाऊन उभे राहा. बोटाच्या पेराने गिलावा वाजवत चला, भरीव आवाज येता येता मधेच पोकळ बद्द आवाज आला की तिथे गिलावा भिंतीपासून सुटलाय. खालच्या दोन फुटांत मिठासारखा पांढरा थर दिसला, हात लावला की पीठ सुटतं, तर लोणा लागलाय आणि पाणी जमिनीतून वर चढतंय.

आणि यात एक गंमत आहे जी दहातल्या आठ मालकांना माहीत नसते. जुन्या विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना मऊ, भिंतीत शिरलेली ओल सांध्यांतून हळूहळू बाहेर पडते. मग कुणीतरी शहाणा येतो, भिंत 'पक्की' करायची म्हणून वरून कडक सिमेंटचा थर मारतो, सांधे सिमेंटने भरतो. दिसायला एकदम टकाटक. पण ओलीची वाट बंद होते, ती विटेतूनच बाहेर यायला बघते, आतले क्षार विटेच्या पृष्ठाशी साचतात आणि काही वर्षांत वीट पापुद्र्या पापुद्र्याने गळायला लागते. त्यामुळे एखादं जुनं घर 'नुकतंच रिनोव्हेट केलंय' असं ऐकलं की मला आनंद होत नाही, मी आधी विचारतो कशाने केलंय. कुणी हात न लावलेलं घर परवडलं, चुकीची दुरुस्ती झालेलं नको, आधी ती खरवडायचे पैसे द्या आणि मग बरोबर करायचे.

लाकडी तुळई असेल तर मधे बघू नका, ती भिंतीत जिथे शिरते ते टोक बघा, कुजायला तिथूनच सुरुवात होते. साधा स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, खुपसला गेला की समजून जा. भेगांना उगाच घाबरू नका, केसाएवढ्या भेगा प्रत्येक जुन्या घराला असतातच. पण खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी जाणारी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग असेल तर पाया खचला असण्याची शक्यता आहे. आमच्याकडे अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवायची पद्धत होती. काही महिन्यांनी काच शाबूत असेल तर भेग जुनी आहे, हालचाल थांबलीये, बुजवा आणि विसरा. काच तडकली तर भिंत अजून चालतेय. घाईत असलेला विक्रेता अर्थातच एवढा वेळ देत नाही, पण कधीकधी पूर्वीच्या मालकाने लावलेली पट्टी सापडते, ती मात्र नीट बघा. नळ वरच्या मजल्यावरचे दोन एकदम सोडून बघा, जुने लोखंडी पाइप आतून गंजून बारीकसं भोक उरलेलं असतं, मग धार एकदम बारीक होते. वायरिंगचं एवढंच सांगतो की रबराचं आवरण असलेली जुनी वायर दिसली तर ती पूर्ण बदलायचा खर्च धरूनच बोला. आणि घरात लहान मूल असेल तर जुना रंग कोरडा घासून काढू नका, त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरांसाठी तसल्या रंगावर १९७८ मध्ये बंदी घातली, म्हणजे तिथल्या त्याआधीच्या भिंती संशयितच धरायच्या.

कागदांचं मी वकिलांवर सोडतो. फक्त एवढंच की जुन्या घराला वारस फार असतात आणि त्यातला एक नेहमी परगावी असतो, त्याची सही शेवटी नाही तर सगळ्यात आधी मागा. थकलेला टॅक्स, परवानगी न घेता वाढवलेली खोली, हे घराबरोबर तुमच्याच गळ्यात येतं.

कर्जाचं मात्र बोलायला हवं. बँक घर आज जसं आहे तशी त्याची किंमत लावते, आणि अगदी पडायला आलेलं असेल तर दारातच उभं करत नाही. मग लोक साठवलेलं सगळं घर घेण्यात घालतात आणि दुरुस्तीला पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्ड, जिथे व्याज सगळ्यात जास्त. अमेरिकेत २०३के नावाचं सरकारी हमीचं कर्ज आहे, त्यात खरेदी आणि दुरुस्ती दोन्ही एकाच कर्जात बसतात. असं काही तुमच्या शहरात मिळतंय का हे घर बघायच्या आधी शोधा, घर पसंत पडल्यावर माणूस हिशोब करत नाही, हिशोब जुळवतो.

वस्ती वर येतेय हे कशावरून ओळखायचं तर लेखात सांगितलंय की नवी रेल्वे, नवी बाग, नवे प्रोजेक्ट बघा. इथे माझा साफ विरोध. जी गोष्ट पेपरात आली ती भावात आलेलीच असते. न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेल्या मालगाडीच्या उन्नत मार्गावर हाय लाइन नावाची बाग केली, २००९ ला पहिला टप्पा उघडला, आजूबाजूचे भाव चढले, मान्य. पण उद्घाटनाचे फोटो बघून तिथे घर शोधायला गेलेल्या सामान्य माणसाच्या हाती काय लागलं असेल? आणि बागा, रेल्वेमार्ग दहा दहा वर्षं रखडतातही, तोवर तुम्ही आजारी घराचा हप्ता भरत बसा. त्यापेक्षा गल्लीत फिरा. कामाच्या दिवशी संध्याकाळी एकदा आणि रात्री उशिरा एकदा. कुणाच्या घरावर बांबूची परांची बांधलीये का, दारं खिडक्या रंगवल्या जातायत का, आणि मुख्य म्हणजे ते काम तिथे राहणारा माणूस करून घेतोय की विकायला काढलेल्या घराचा मालक. राहणारी माणसं स्वतःच्या खिशातून कौलं बदलतायत अशी गल्ली दिसली तर तिथे घर शोधा, बाकी काही बघू नका. दुकानदाराला विचारा उधारी देता का. ज्या वस्तीतली माणसं टिकून राहतात तिथेच उधारी चालते.

आणि जे आधीपासून तिथे राहतात त्यांचं काय, हे लेखात शेवटच्या परिच्छेदात उरकलंय. वस्ती सुधारली की घराची कागदावरची किंमत वाढते, तिच्याबरोबर टॅक्स वाढतो, आणि निवृत्त माणसाच्या हातात एक पैसा जास्त न येता खर्च मात्र वाढतो. फिलाडेल्फियात २०१४ मध्ये घरांचं नव्याने मूल्यांकन झालं तेव्हा दहा वर्षांहून जास्त राहणाऱ्या आणि मूल्यांकन एकदम तिपटीवर गेलेल्या मालकांसाठी उत्पन्नाच्या अटीवर सवलतीची योजना आणावी लागली. तुम्ही आज नव्याने तिथे घर घेताय म्हणून हा दुसऱ्याचा प्रश्न समजू नका. पंधरा वर्षांनी तुम्हीच ते जुने रहिवासी असणार आहात, आणि टॅक्सचं बिल तेव्हाही येईलच.

आता आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. पुरवणीत जुन्या घरांच्या ज्या जाहिराती येतात त्यात किचनचा फोटो असतो, बाल्कनीतून दिसणाऱ्या झाडाचा असतो, कधीकधी नुसता कुंड्यांचा असतो. त्याऐवजी जाहिरातदाराला चार रकाने सक्तीने भरायला लावा, बांधकामाचं वर्ष, वायरिंग कधी बदललं, छप्पर कधी केलं, पाइप कशाचे आहेत. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहू द्या, चालेल. घेणारा तेवढं वाचून घर बघायला जायचं की नाही ते ठरवेल. जाहिराती कमी होतील म्हणाल तर थोड्या होतील कदाचित, पण मला फोटो पाठवून 'घेऊ का' विचारणारे फोन तरी कमी येतील.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त दुरुस्ती कंत्राटदार